फिकट कार्पेट

“आता अजून किती मागे घेऊ?” खिडकीतून डोकं बाहेर काढून ताईने विचारलं.

“बास, बास! तिथेच थांब!” मिस्त्री ओरडला.

ताईने बटण दाबलं आणि डिकीचं दार कुणी हात न लावता आपलं आपण वर गेलं. लेथवाल्याकडची माणसं हातातली कामं सोडून बघत राहिली. आत मागच्या सीटा पाडून सपाट जागा केलेली होती आणि तिच्यावर कार्पेट होतं, सायीच्या रंगाचं. मिस्त्रीने ते पाहिलं आणि त्याचे हात आपोआप पाठीमागे गेले. पन्नाशीचा माणूस, पण उभा असा राहिला, जणू आता मास्तर नखं तपासणार.

टेम्पोवाल्याने सकाळी ऐनवेळी हात वर केले होते. लेथवर दुरुस्त झालेलं इंजिन आजच मिस्त्रीच्या गॅरेजवर पोचायला हवं होतं, कारण गिऱ्हाइकाची व्हॅन पोट उघडं टाकून उभी होती. फोनवर बोलता बोलता हे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, कानावर गेलं आणि तिथेच सगळं ठरलं. “माझी गाडी काय शोभेला ठेवलीय?” ती म्हणाली. मिस्त्रीने नको नको म्हटलं. भाऊजी काय म्हणतील, असंही म्हटलं. “त्यांचं मी बघते,” म्हणून तिने फोन ठेवून दिला. तिने पन्नाशी उलटल्यावर हट्टाने गाडी शिकून घेतली होती, आणि ती चालवायला तिला कुठलंही निमित्त पुरायचं.

इंजिन बांधण्याच्या बाबतीत मिस्त्री म्हणजे कडक माणूस. टेम्पोवाले त्याला टरकून असत. “इंजिन म्हणजे पाहुणा नव्हे, ऐसपैस बसा म्हणायला! त्याला जखडायचं असतं!” हे त्याचं वाक्य आसपासच्या सगळ्या गॅरेजांत त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं जाई. त्याची पद्धत ठरलेली होती. इंजिन लाकडी चौकटीवर बसवायचं. चौकटीखाली जुन्या टायरचे तुकडे घालायचे, म्हणजे ती घसरत नाही. मग पट्टे गाडीच्या तळातल्या लोखंडी कड्यांत अडकवून इतके ताणायचे की बोटाने छेडले तर तारेसारखे वाजले पाहिजेत.

लेथवाल्याने चेनपुलीवरून इंजिन अलगद गाडीपर्यंत आणलं. “टायरचे तुकडे देऊ?”

मिस्त्रीने त्या काळ्या तुकड्यांकडे पाहिलं, मग सायीच्या रंगाकडे. “नको. डाग पडतील.”

त्याने घरून प्लॅस्टिकचा मोठा कागद आणला होता, तेल ठिबकलं तरी कार्पेटपर्यंत जाऊ नये म्हणून. तो त्याने आधी अंथरला. त्यावर धुतलेलं ब्लँकेट घातलं. ताईला हसू आलं. “अरे, इंजिनाला झोपवतोयस की काय?” तोही हसला, पण कोपरे सरळ करायचं काही थांबला नाही.

“पट्टे कुठे अडकवू?” लेथवाल्याने विचारलं.

गाडीत कड्या होत्या. त्यांच्यावर प्लॅस्टिकची सुबक झाकणं होती आणि ती नवी असल्याने घट्ट बसलेली होती. पेचकस घालून उचकटली असती तर ओरखडा नक्की होता. “राहू दे,” म्हणत मिस्त्रीने पट्टे तसेच गुंडाळून डिकीच्या कोपऱ्यात टाकले. “दोरी आहे माझ्याकडे. पुढच्या सीटांच्या पायांना बांधतो.”

“दोरी?” लेथवाल्याने कपाळाला हात लावला. “मिस्त्री, हे तुम्ही बोलताय?”

“दोन गल्ल्यांवर तर जायचंय. तू चेन सोड.”

दोन गल्ल्या नव्हत्या, चांगलं अर्ध्या गावाचं अंतर होतं. त्याने दोरी बांधली. ती सीटच्या पाठीवर घासू लागली तेव्हा खाली रुमाल घातला, आणि रुमालावर वळ दिसायला लागला तशी गाठ थोडी सैल केली. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. एखाद्या टेम्पोवाल्याने असं बांधलं असतं तर त्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण तो टेम्पो असता. ही भाऊजींची गाडी होती.

भाऊजींच्या घरी तो गेला की ताईच्या सासूबाई लगबगीने आतून एक जुनी चादर आणत आणि सोफ्यावर टाकत. “बसा हं निवांत,” असंही म्हणत, आणि ते मनापासून म्हणत. वाईट बाई नव्हत्या. सोफा फिकट रंगाचा होता, एवढंच. तो अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून जाई, तरी चादर येई. पहिल्यांदा ती आली तेव्हा कानशिलं तापली होती. नंतर नंतर तो चादर येईपर्यंत उभाच राहू लागला, त्यांना घाई व्हायला नको म्हणून. ताई तेवढ्यात स्वयंपाकघरात निघून जाई. ती का जाते ते त्याला ठाऊक होतं आणि त्यावर दोघं कधी बोलले नव्हते.

आताही तो पुढच्या सीटवर वर्तमानपत्र पसरून बसला.

“काढ ते,” ताई म्हणाली.

“असू दे गं.”

“बुडाला काय शाई लावून घेणारेस?”

“शाई धुता येते,” तो म्हणाला. ताईने त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि गाडी सुरू केली.

ती चालवत छान होती. वळणावर सावकाश, खड्ड्याला जपून. मिस्त्रीचं लक्ष मात्र सगळं मागे होतं. दोरी करकरत होती. “ताई, जरा थांबव, मी गाठ बघतो,” असं त्याच्या ओठांवर एकदा आलं. पण थांबून काय करणार होता? घट्ट आवळली तर सीटला वळ पडणार. तो नुसता मागे वळून बघत राहिला.

चौकाच्या अलीकडे एक सायकलवाला उजवीकडून सरळ आडवा आला. ताईने ब्रेक दाबला. जोरात दाबला, तसाच दाबायला हवा होता, आणि सायकलवाला वाचला.

मागे ब्लँकेटखालचा प्लॅस्टिकचा कागद चौकटीसकट सरकला. लेथवाल्याकडे जे वजन हलवायला चेनपुली लागली होती ते लोण्यावरून घसरल्यासारखं पुढे आलं. दोरी सुटल्याचा आवाज झाला, मग लाकूड मोडल्याचा. चौकटीचा कोपरा दोन सीटांच्या मधून पुढे घुसला आणि ताईच्या सीटची कड त्याने उभी चिरली.

“सीट फाटली!” मिस्त्री ओरडला.

हे त्याचं पहिलं वाक्य. त्याच्या तोंडून निघालेलं, त्याच्याच आवाजातलं.

“सीट जाऊ दे रे,” ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “माझा हात बघ.”

डावं कोपर चौकट आणि सीट यांच्यामध्ये चेपलं होतं.

पुढचं त्याला नंतर नीट आठवेना. रस्त्यावरची माणसं धावून आली, त्यांनी इंजिन वीतभर मागे रेटलं, ताईचा हात मोकळा झाला. तिला बाजूच्या सीटवर बसवून त्याने गाडी दवाखान्यात नेली. वर्तमानपत्र तिथेच होतं, ती त्याच्यावरच बसली. वाटेत त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण “सीट फाटली” असं म्हटलेलं तोंड उघडायला होईना. हाडाला चीर गेली होती. डॉक्टर, नर्स, शेजारच्या खाटेवरची म्हातारी, जो जो विचारी त्याला ताई सांगे, “काही नाही हो, थोडंसंच लागलंय.”

भाऊजी ऑफिसातून तसेच आले. आधी ताईजवळ बसले, प्लास्टर ओलं आहे तोवर हात हलवू नकोस म्हणाले, आणि मग मिस्त्रीला म्हणाले, “चला, गाडी बघू.”

दवाखान्याच्या आवारात गाडी उभी होती. भाऊजींनी दार उघडलं. चिरलेली सीट पाहिली, मोडलेली चौकट पाहिली, गुंडाळी झालेलं ब्लँकेट बाजूला करून खालचा प्लॅस्टिकचा कागद पाहिला. कार्पेटवर एक डाग नव्हता.

“सीट मी नवी बसवून देतो, भाऊजी. कंपनीची. रंगात तसूभर फरक पडणार नाही.”

“मी सीटचं काही विचारलं का?”

मिस्त्रीने मान खाली घातली.

“टेम्पोतून नेता तेव्हाही असंच बांधता?” भाऊजींचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं.

“नाही.”

“मग माझ्या गाडीत असं का बांधलंत?”

मिस्त्रीला उत्तर येत होतं. सगळंच्या सगळं येत होतं. टायरचे तुकडे, झाकणं, रुमालावरचा वळ. पण ते तोंडाने सांगायचं म्हणजे, मी तुमच्या कार्पेटला जपलं आणि माझ्या बहिणीला तशीच सोडली, असं सांगायचं होतं. आईमागे ज्या बहिणीने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, त्याच्या पहिल्या गॅरेजची फरशी स्वतः झाडली, ती बहीण. लाजेने त्याला भाऊजींच्या बुटांवरून नजर वर करवेना.

“खराब झालं असतं,” तो कसाबसा म्हणाला. “कार्पेट.”

भाऊजींनी एकदा कार्पेटकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला.

“ती चादर आई टाकते,” ते म्हणाले. “पण मी समोरच बसलेला असतो.”

 मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. “हे पोचवायचं आहे ना अजून? बांधा. तुम्ही बांधता तसं.”

“भाऊजी, ओरखडे पडतील.”

“बांधा.”

दोन पहारेकऱ्यांना बोलावून त्यांनी इंजिन मागे घेतलं. मिस्त्रीने पेचकस घालून झाकणं उचकटली, प्लॅस्टिकवर पांढरे ओरखडे उठले. फाटकाजवळ पडलेल्या टायरचे तुकडे कापून त्याने चौकटीखाली सारले. पट्टे अडकवले आणि पाय रोवून ताणले. भाऊजींनी दुसरं टोक धरलं होतं. त्यांच्या तळहातांना वंगण लागलं आणि ते त्यांनी नकळत पँटला पुसलं. मिस्त्रीने पट्टा छेडला. वाजला. एरवी अशा वेळी तो खूश होऊन शीळ घालायचा. आज तो आवाज ऐकून त्याला रडू आलं आणि ते लपवायला तो पुन्हा चौकटीखाली वाकला. इतकं सोपं होतं ते. सकाळीही इतकंच सोपं होतं.

इंजिन गॅरेजवर उतरवून दोघं परत येईपर्यंत ऊन उतरलं. ताईला घेऊन ते घरी आले. मिस्त्रीला दारातूनच परत जायचं होतं, पण ताई म्हणाली, “चहा घेतल्याशिवाय गेलास तर बघ.”

सासूबाई आतून लगबगीने आल्या. हातात चादर होती. भाऊजींनी पुढे होऊन ती त्यांच्या हातातून घेतली आणि आतल्या खोलीत ठेवून आले. येताना ते स्वतःच, त्या तेलकट पँटनिशी, सोफ्याच्या एका टोकाला बसले. सासूबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या, मग चहा टाकायला वळल्या.

ताई मध्ये बसली. मिस्त्री उभाच होता.

“बस की,” ती म्हणाली.

तो बसला. अगदी कडेला, निम्मं अंग बाहेर ठेवून. सासूबाई कपबशा मांडत होत्या, भाऊजींचा फोन वाजला आणि ते उठून गॅलरीत गेले. दिवसभर अडून राहिलेलं वाक्य तेव्हा कुठे बाहेर आलं.

“ताई, फार लागलं का गं?”

“आता विचारतोयस होय रे?” ती हसली. हसता हसता तिचे ओठ थरथरले. “फार दुखतंय. सकाळपासून जीव जातोय माझा.”

हे तिने दिवसभरात दुसऱ्या कुणालाही सांगितलं नव्हतं. मिस्त्री तिच्याजवळ सरकला आणि तो जड हात त्याने खालून आपल्या दोन्ही तळव्यांवर घेतला, वजन आपल्याकडे येईल असा. ताईने डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. चहा येईपर्यंत तो तसाच धरून बसला.

त्याने हात काढले तेव्हा पांढऱ्या प्लास्टरवर त्याची काळी बोटं उमटली होती. तो घाईघाईने रुमाल शोधू लागला.

“राहू दे,” ताई म्हणाली.