ताईने दिलेलं उत्तर

अल्पेशने चार दिवस फोन उचलला नव्हता आणि हेमालीचा जीव थाऱ्यावर नव्हता. भांडण नाही, रुसवा नाही. सोमवारी उरणच्या कॉलेजच्या गेटवर चांगला हसून गेला आणि मंगळवारपासून ती दिसली की वाट बदलायला लागला.

कॉलेजचा एक पाक्षिक पेपर होता, चार पानी, झेरॉक्स केलेला. प्राचार्यांचं मनोगत कुणी वाचत नसे. पोरं थेट मागच्या पानावर, 'ताईला विचारा'कडे. प्रेम, एटीकेटी, आणि दोन्ही एकदम गळ्यात पडलं तर काय करायचं. ही ताई म्हणजे एस.वाय.ची हेमालीच, पण ते संपादक सलिलशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. उरणात कोण कुणाला ओळखत नाही? म्हणून आलेलं पत्र सलिल आधी पार उलटंपालटं करायचा. मुलाची मुलगी करायचा, कंटेनरचा ट्रेलर चालवणाऱ्या बापाला मिठागरावर कामाला पाठवायचा. मग हेमाली उत्तर ठोकून द्यायची.

सोमवारीच निघालेल्या अंकात एका 'मुलीने' विचारलं होतं, दोन विषय राहिलेत, मित्राशी बोलत बसलं की पुस्तक उघडत नाही. हेमालीने ऐटीत लिहिलं, "परीक्षेपर्यंत बोलणं बंद कर. त्याला सांगायलाही जाऊ नकोस, विरघळशील. खरा असेल तर थांबेल." पोरींनी ते स्टेटसला ठेवलं, तेव्हा ही बया दिवसभर फुशारून फिरत होती.

पाचव्या दिवशी तेच स्टेटस पुन्हा नजरेस पडलं. अल्पेशचेही दोनच विषय राहिले होते. ती सलिलकडे धावली.

"ते पत्र मुलाचं होतं ना?"

"कुणाचं ते सांगायचं नाही, नियम म्हणजे नियम," सलिल म्हणाला आणि टेबलाकडे बघत बसला. तिला तेवढं पुरलं.

अल्पेश वाचनालयात होता, पुढ्यात स्टॅटिस्टिक्स. ती समोर बसली.

"ती ताई मीच हाय," ती म्हणाली. "पत्र तुझं हाय हे मला माहीत नव्हतं."

त्याने पेन खाली ठेवलं.

"रोज वाटायचं, जाऊन बोलावं," तो म्हणाला. "मग ते उत्तर वाचायचो आन् बसायचो. तीन धडे झाले. आधी एक पन होत नव्हता. या टायमाला राहिलं तर बाबा ट्रेलरवर बसवतील."

"मग आता?"

"आता तू सांग. ताई नको, तू."

सहा महिन्यांत तिने चाळीस जणांना उत्तरं दिली होती. हे एकेचाळिसावं. बोल माझ्याशी, रोज बोल, एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि परीक्षेला सव्वीस दिवस होते.

"अभ्यास कर," ती म्हणाली.

तो लगेच पुस्तकाकडे वळला, याचं तिला फार वाईट वाटलं.