लठ्ठ नोटिसा

वॉशिंग्टनला जुलै लागला की सरकारी विमा खात्याच्या नोटिसा लठ्ठ व्हायच्या. तळघरातल्या टपालखोलीची मुख्य व्हर्ना पिकेट एकवीस वर्षं हे बघत होती. हिवाळ्यात जी नोटीस एका औंसात बसून बावीस सेंटांत जायची, तीच उन्हाळ्यात तळघराची ओल पिऊन औंसाच्या केसभर पुढे जायची. त्या केसाचे सतरा सेंट जादा. रोज नऊ हजार नोटिसा.

यंदा वरून हुकूम आला: सप्टेंबरअखेर टपालखर्च दहा टक्के उतरवा, नाहीतर टपालखोलीला टाळं आणि काम ठेकेदाराला.

व्हर्ना वजनकाटा घेऊन थेट उपसंचालक हॅस्केल यांच्याकडे गेली. अख्ख्या इमारतीत धड चालणारं वातानुकूलन तिथंच होतं.

"साहेब, नोटिसांना दोन दोन दिवस इथं राहू द्या. सुकतील."

"आणि मी कुठं जाऊ?"

"तळघरात. तुमच्यावर कुठं तिकीट लावायचंय?"

साहेब हसले नाहीत. तिनं तळघरातली नोटीस काट्यावर ठेवली. औंसाच्या वर. मग साहेबांच्या कपाटामागून एक काढून ठेवली. औंसाच्या आत.

"ही माझ्या कपाटामागं कशी?"

"लेखी विचारा. उत्तर वाळवून पाठवते."

सोमवारी नोटिसा वर आल्या, साहेब खाली गेले. गठ्ठे उलटेपालटे करायला व्हर्ना वरच थांबली आणि बसायला एकच खुर्ची उरली होती, ती साहेबांची.

सप्टेंबरात तपासनीस ओस्टरगार्डबाई आल्या. "उपसंचालक, खर्च बारा टक्के उतरला. अभिनंदन!"

"मी टपालखोलीची, बाई. साहेब खाली आहेत."

बाई खाली गेल्या. बाह्या सरसावलेला एक घामाघूम माणूस ओहायोचं टपाल लावत होता.

"बाजूला व्हा हो बाई! तीनची गाडी चुकेल!"

आठवड्यानं अहवाल आला. टपालखोली कायम ठेवावी. उपसंचालक हे पद दोन महिने रिकामं असून कुणाचंही काही अडलेलं नाही, सबब रद्द करावं.

व्हर्ना तो घेऊन धावत खाली गेली. हॅस्केलनी दोनदा वाचला.

"म्हणजे तुझी खोली वाचली आणि मी गेलो?"

"इथं एक जागा आहे. पगार निम्मा."

हॅस्केलनी ओहायोचा गठ्ठा बांधला, गाठ ओढून पाहिली.

"टेक्सस कोण बघतं?"

"मी."

"मग निम्म्या पगारात टेक्सस पण पाहिजे."

"आधी महिनाभर ओहायो नीट लावून दाखव," व्हर्ना म्हणाली.