मौनाचं पान

आमच्या मौनाची शेकडो वर्षांची परंपरा बरोब्बर बारा वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सुरू झाली. त्या दिवशी माझं नि थोरल्या जाऊबाईंचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दोघी मूग गिळून सूत रंगवत होतो. तेवढ्यात एक प्रवासी लेखक आमच्या कारखान्यात डोकावला, आणि त्यानं पुस्तकात ठोकून दिलं: ‘या देशातल्या बायका सुताला रंग चढेपर्यंत बोलत नाहीत.’

भांडण तिसऱ्या दिवशी मिटलं, पुस्तक राहिलं. पाहुणे रांगा लावून येऊ लागले आणि एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या आम्ही त्यांच्यासमोर मुक्या झालो. शेजारचे कारखानेही गप्प बसायला शिकले. आता माझ्या नातीच्या शाळेच्या पुस्तकातही आमचं मौन आहे, परीक्षेत त्याला दोन मार्क आहेत.

नव्या आवृत्तीसाठी तोच लेखक परत आला, तोही ठरल्या वेळेच्या तासभर आधी. त्याच्या पुस्तकात पान राहिलं तरच कारखाना राहणार होता. मोठ्या पातेल्याचा एक कान सकाळपासून हलत होता. जाऊबाईंना सांगायला मी वळले, तर दारात हा वही काढून उभा.

उकळतं पातेलं उतरवायचं होतं. हलता कान जाऊबाईंच्याच बाजूला. मी डोळे मोठे केले, मान हलवली. त्यांना वाटलं, घाई करा म्हणतेय. ‘थांबा’ एवढाच शब्द माझ्या जिभेवर होता. मी लेखकाकडे पाहिलं. त्याची पेन्सिल चालत होती. मी शब्द गिळला आणि माझ्या बाजूचा कान धरला.

पातेलं कललं. निळा रंग जाऊबाईंच्या पायावर सांडला. त्या मटकन खाली बसल्या, हातातलं फडकं तोंडात कोंबलं, पण हूं की चूं केलं नाही. लेखक मदतीला धावला, खोटं कशाला बोलू. पण आधी त्यानं ओळ पुरी केली.

दवाखान्यातून येताना मी रडत म्हणाले, “अहो जाऊबाई, ओरडायचं तरी!”

“कान हलतोय हे तुला ठाऊक होतं ना?”



नव्या आवृत्तीत आम्हाला दोन पानं मिळाली. ‘उकळता रंग अंगावर सांडला तरी इथल्या बायका मौन मोडत नाहीत.’ पाहुणे दुप्पट झालेत. पूर्वी ते गेले की आम्ही दार लावून पोटभर बडबडायचो. आता मी दार लावते, चहा ठेवते, काहीबाही विचारत राहते. जाऊबाई लंगडत लंगडत सूत वाळत घालतात. बोलत नाहीत.