कागदावरची कूस

“आधी सांग, मग हात लाव.”

सतरा वर्षांपूर्वी ऐकलेला तो आवाज धाकटीच्या कानात अजून तसाच होता. थोडा घोगरा, झोपेतून उठून पहिलंच वाक्य बोलणाऱ्या माणसासारखा. तो तिच्या नोकरीचा पहिला दिवस होता. खाटेवर एक म्हातारी निपचित पडलेली, आणि तिला कुशीवर वळवायला हिने सरळ खांद्याखाली हात घातला होता.

“अग, पोतं आहे का ते?” मागून थोरली नर्स म्हणाली. “आधी सांग, मग हात लाव. अंग तिचं आहे, आपलं नाही.”

मग ती म्हातारीच्या कानाशी वाकली, कुठल्या बाजूला वळायचं ते सांगितलं आणि हात फिरवता फिरवता गुणगुणली,

डावी कूस, उजवी कूस, मधे पाठीला वारा,
पडल्या जिवाला बाई दोन घटकांचा थारा.

कुठलं गाणं हे, असं धाकटीने विचारलं तर म्हणाली, “गाणं कसलं! हातांना चाल लागते, म्हणून तोंड चालतं.”

त्या थोरलीला सगळे घड्याळताई म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर एकाच जागी भार पडून कातडी फाटते, हा नियम सगळ्याच वॉर्डांत असतो. पण मिनिट न चुकवता पाळायची ती घड्याळताई. तिच्या चपलांच्या आवाजावर आपली घड्याळं लावून घ्या, असं डॉक्टर नव्या पोरींना सांगत. ‘धाकटी’ हे नावही तिनेच ठेवलेलं. आता धाकटीच्या कानामागचे केस पांढरे झाले होते, वाचायला चष्मा लागत होता, तरी वॉर्डात ती धाकटीच होती. घरी तर तिला कुठल्याच नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. एक खोली, एक खिडकी, आणि रविवारी भावाचा फोन.

सकाळच्या पाळीला दोघी असत. खिडकीकडच्या खाटा घड्याळताईच्या, दाराकडच्या धाकटीच्या. खिडकीकडच्या तिसऱ्या खाटेवर एक शिंपी होते. अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मात्र दिवसभर चादरीची किनार चाचपत असत, जणू माप घेताहेत. सगळे त्यांना शिंपीकाका म्हणत.

एका मंगळवारी पावणेदहाला, त्यांच्या पाण्याचा पेला भरायला म्हणून धाकटी तिकडे गेली आणि सहज तिची नजर खाटेच्या पायाशी लटकवलेल्या चार्टवर पडली. आठ वाजता, डावी कूस. दहा, उजवी कूस. बारा, डावी. दोन, उजवी. प्रत्येक रकान्यात वेळ आणि समोर घड्याळताईची ती सरळ, टपोरी सही.

धाकटीने भिंतीकडे पाहिलं. पावणेदहाच झाले होते. आणि शिंपीकाका उताणे होते.

तिने मान वळवली. घड्याळताई टेबलाशी पाठमोरी बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने कागद उलटत होती. बोलावं की नको, असा क्षणभर विचार करून धाकटी वाकली आणि हळूच म्हणाली, “काका, उजवीकडे वळवते हं. खिडकी दिसेल.” मग चादर ओढून तिने एकटीने त्यांना वळवलं. बाराला पुन्हा. दोनला पुन्हा.

दुसऱ्या दिवशीही चार्ट सकाळी आठलाच भरलेला. तिसऱ्या दिवशीही.

अकरा दिवस धाकटीने तोंडात मिठाची गुळणी धरली. आपल्या खाटा उरकायच्या, मग काहीतरी निमित्त काढून खिडकीकडे जायचं. कधी पेला, कधी पडदा. वॉर्डातली मावशी, झाडण्यापुसण्यापासून रोग्यांना उचलण्यापर्यंत सगळं करणारी, एकदा फरशी पुसता पुसता म्हणाली, “काय ग, तिकडे ऊन जास्त छान लागतं वाटतं?”

“पडदा सरकवत होते.”

“सरकव, सरकव. पडदा चांगला असतो.”

मावशीलाही माहीत होतं तर. मावशीनेही मूग गिळले होते.

बाराव्या दिवशी धाकटीची दोन दिवसांची सुट्टी सुरू झाली. भावाचं घर बदलायचं होतं. वहिनी म्हणाली होती, “तुम्ही आलात की एक कप फुटत नाही, ताई. तुमचे भाऊ उचलतात ते फोडायलाच.” दुपारी बाराला धाकटीच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बशी होती आणि एकदम तिच्या मनात आलं, आता काकांना कोण वळवत असेल? बशी खाली ठेवून तिने फोन हातात घेतला. वॉर्डचा नंबर काढला. पण बोलायचं कुणाशी? मावशीशी? घड्याळताईशी? काय म्हणायचं? भाचीने विचारलं, “आत्या, कुणाला फोन?” “कुणाला नाही,” ती म्हणाली आणि पुढची बशी गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बाराला तिने फोनला हातही लावला नाही.

परतली त्या सकाळी शिंपीकाकांच्या माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. कडा काळपट, मधे ओली. चार्टवर दोन्ही दिवस डावी, उजवी, डावी, उजवी. कागदावरचा माणूस कुशीवर झोपला होता, खाटेवरचा पाठीवर.

दुपारी चारला काकू आल्या, शिंपीकाकांची बायको. रोज याच वेळी यायच्या. बारीक चणीच्या, बोटाला सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. दुकानातल्या उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून त्यांनी नवऱ्यासाठी आठवड्यापूर्वी एक मऊ गादीपट्टी शिवून आणली होती; ती त्यांच्या कमरेखाली असायची. त्या दिवशी घड्याळताई आणि धाकटी दोघीही दुपारी थांबल्या होत्या. जखम पाहून काकूंनी तोंडावर हात ठेवला.

“कशानं हो झालं?”

घड्याळताईने त्या गादीपट्टीकडे पाहिलं. “शिवण रुतली असेल, काकू. जोडाच्या जागी गाठ येते.”

काकूंनी पट्टी उचलली. शिवणीवरून बोट फिरवलं, पुढे, मागे. “मीच शिवली,” त्या म्हणाल्या. “यांनी शिकवलेलं मला. आतली शिवण दुमडून घे म्हणायचे. दुमडली होती मी. एखादी राहिली असेल.” आणि त्यांनी पट्टीची घडी केली, लहान, आणखी लहान, आणि पिशवीच्या तळाशी लपवावी तशी ठेवली.

धाकटी तिथेच उभी होती. ड्रेसिंगचा ट्रे तिच्या हातात होता. तिने कापूस उचलला आणि जखम पुसायला घेतली.

घरी जाऊन तिने दिवा लावला नाही. खिडकीशी बसून राहिली. घड्याळताईची सही तिला टोचली नसेल तेवढं काकूंचं ते पुढे मागे फिरणारं बोट टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती मेट्रनबाईंच्या खोलीत गेली. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. काय घडलं, कुणाकडून, कुठल्या खाटेवर. धाकटीने सगळं लिहिलं. मग एक रकाना आला: प्रथम निदर्शनास आल्याची तारीख. पेन थांबलं. वरच्या पंख्याचा खडखड आवाज होत होता. तिने काल सकाळची तारीख टाकली, जखम दिसली त्या दिवसाची.

“चौकशी होईपर्यंत नातेवाइकांशी अक्षर बोलायचं नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या. मग चष्मा काढून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “सोपं नव्हतं, कळतं मला.”

त्या मऊपणाने धाकटीला जास्तच मेल्यासारखं झालं.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. घड्याळताईला खालच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. डबा खायच्या खोलीत धाकटी गेली की बोलणं आटायचं. टेबलाशी चार खुर्च्या होत्या. ती एकीवर बसली की उरलेल्या तिघींना एकदम कामं आठवायची. एक जण नुसतीच म्हणाली, “डब्याचं झाकण लाव बाई, हल्ली कोण काय लिहून देईल सांगता येत नाही.” सगळ्या हसल्या. धाकटीही कसनुशी हसली. खरं तर तिला रडू आलं होतं, पण घास तोंडात होता.

मावशी तेवढी येऊन बसली. “तू केलंस ते बरोबर केलंस,” ती म्हणाली, आणि पुढे, “पण मला विचारशील तर मी नसतं केलं. आणि मी नसतं केलं म्हणून मी फार शहाणी असंही नाही.” मग तीही उठली. ओली फरशी वाट बघत होती.

पाचव्या दिवशी धाकटी जिने उतरून त्या खालच्या खोलीत गेली. कपाटांच्या मधे, एका पिवळ्या दिव्याखाली घड्याळताई बसली होती. समोर फायलींचा ढीग. ती डाव्या हाताने एकेक फाईल उचलत होती. उजवा हात टेबलावर नुसता ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा विसरलेला असावा तसा.

“ये,” ती म्हणाली. “बस म्हटलं असतं, पण खुर्ची एकच आहे.”

धाकटी उभीच राहिली.

“आधी सांगायचं होतंस ग,” घड्याळताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. “एवढंच. मग काय लिहायचं ते लिही. तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं मी.”

“ताई, तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

घड्याळताईने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो कोपराच्या वर गेलाच नाही.

“खांदा गेलाय. आठ महिने झाले. साधी वेणी घालता येत नाही मला. मदत मागितली असती तर ह्याच खोलीत आणून बसवलं असतं. आता बघ, बसवलंच.” ती जरा हसली. “सकाळी आठला सह्या करायची तेव्हा वाटायचं, लिहून ठेवलंय तर होईल आपल्या हातून. मनापासून वाटायचं, खरंच. मग दहा वाजायचे, बारा वाजायचे. आपल्याच अक्षराची भीती वाटायला लागते ग.”

वर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. तिची चाकं छतावरून गेल्यासारखी वाजली.

“आणि काकूंना ते शिवणीचं...” धाकटी म्हणाली.

“हो.” घड्याळताईने मान खाली घातली. “ते मी बोलले. ते चुकून नाही बोलले.” मग ती म्हणाली, “तू वळवत होतीस ते मला माहीत होतं. तू लावलेली चादर ओळखता येते, कोपरा डावीकडे खोचतेस. चौकशीत विचारलं मला, अजून कुणाला माहीत होतं का. मी नाही म्हटलं.”

“का?”

“दोघींनी कशाला बुडायचं?”

धाकटीला वाटलं होतं, ताई ओरडेल, शाप देईल. तसं झालं असतं तर त्या रागाला धरून तिला उभं राहता आलं असतं. आता ती माया अंगावर घेऊनच तिला जिना चढावा लागला. एवढ्या मोठ्या इमारतीत तिला खरं ओळखणारं एकच माणूस होतं, ते खाली त्या पिवळ्या दिव्याखाली बसलं होतं, आणि तेही तिच्यासाठी खोटं बोललं होतं.

चार वाजले होते. घड्याळताईची जागा रिकामी होती म्हणून धाकटी हल्ली दुपारीही थांबायची. काकू येऊन बसल्या होत्या. मांडीवर ती गादीपट्टी होती आणि हातात बारीक कात्री. एकेक टाका उचलून त्या शिवण उसवत होत्या. उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत होत्या.

“काय करताय, काकू?”

“उसवते. कुठला टाका रुतला ते बघते. सापडत नाहीये.” त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल होते. “घरी शिवायला हात वळत नाहीत आता. यांचं मशीन झाकून ठेवलंय मी. ज्या हातानं यांना जखम केली, त्या हातानं कुणाचे कपडे शिवायचे?”

खाटेवर शिंपीकाकांची दोन बोटं चादरीची किनार चाचपत होती. घड्याळात काटा सरकला. कूस बदलायची वेळ झाली होती.

धाकटी वाकली. “काका, डावीकडे वळवते हं. काकू तिकडेच बसल्यात, दिसतील तुम्हाला.” काकूंनी कात्री ठेवली आणि पलीकडून हात लावला. दोघींनी मिळून त्यांना हळू वळवलं, पाठीशी उशी लावली. जखमेवरची पट्टी कोरडी होती.

अक्षर बोलायचं नाही. मेट्रनबाईंचा आवाज आठवला. डब्याच्या खोलीतल्या त्या चार खुर्च्या आठवल्या. आणि त्या सगळ्यांच्या मागून तो घोगरा आवाज आला, सतरा वर्षं जुना.

धाकटी काकूंच्या शेजारी स्टुलावर बसली. त्यांच्या हातातली कात्री काढून तिने बाजूला ठेवली.

“काकू, उसवू नका. शिवणीत काही नाही. तुमची शिवण चांगली आहे.” “सकाळच्या पाळीत काकांना वळवलं जात नव्हतं. नुसतं कागदावर वळवत होते. मला ते अकरा दिवस आधीपासून माहीत होतं. मी गुपचूप येऊन वळवायची आणि कुणाला सांगायची नाही. मग दोन दिवस मी नव्हते. नसताना काय होणार तेही मला माहीत होतं. फोन हातात होता, काकू. मी केला नाही.”