विषाणूंचं देवक

वैशाली आठवते ती पान उजेडाकडे धरलेली. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन, दिंडोरीच्या मळ्यातून आणलेलं टोमॅटोचं आखडलेलं पान, आणि त्यातून झिरपून तिच्या गालावर उतरलेला हिरवट प्रकाश. शेतकरी सगळ्याला बोकड्या रोग म्हणून मोकळे होत. ही मात्र पानातल्या विषाणूचं घराणं शोधत बसे. पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुट्टीला आली की नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत मोठाले कागद पसरायची. त्यांवर फांद्या फुटत गेलेल्या रेघा, टोकाटोकाला विषाणूंची नावं, आणि कोपऱ्यांवर वजनाला माझ्या वाट्या.

मी तिची सावत्र आई. ती मला मावशी म्हणते. तिचे वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो.

एकदा भीत भीत विचारलं, "यांचं देवक बघतेस का गं?" आमच्यात आडनावं वेगळी असली तरी देवक एक निघालं की ते भाऊबंद, सोयरीक होत नाही.

ती खळखळून हसली. "अगदी तेच, मावशी! रूपावर जायचं नाही. आतली खूण जुळली की कूळ एक."

ते मनात रुतलं. माझी कोणती खूण तिच्याशी जुळणार?

त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं. देवकाच्या पूजेला काका-काकू बसतील, असं आत्याबाईंनी ठरवूनही टाकलं. "ही विधवा, त्यात सावत्र. हिचा काय संबंध?" मी पाठमोरी भाकरी थापत राहिले.

वैशालीने कागदावरची नजर काढली नाही. "आत्या, फार जुन्या काळी एक विषाणू आपल्या पूर्वजांच्या अंगात शिरला नि तिथलाच झाला. आईच्या पोटात बाळाला पोसणारी वार त्याच्याच एका तुकड्याच्या जोरावर घडते. मी त्याचं कूळ विषाणूंतच लिहिते. पण त्याला घराबाहेर काढलं, तर तू नाहीस नि मीही नाही."

"म्हणजे ही विषाणू म्हणायची?"

"हो. चांगली मुरलेली!"

मी पदरात तोंड लपवून हसले, आणि डोळेही तिथेच पुसले. देवकाच्या पाटावर मीच बसले.

आता ती परदेशात असते. परवा शेजारीण म्हणाली, "काकू, तुम्ही अगदी वैशालीसारखी मान तिरकी करून ऐकता." मला ठाऊकच नव्हतं. दूर गेलेल्या माणसाला काळ पुसून टाकतो म्हणतात. पण ते आपल्या मानेच्या एखाद्या लकबीत कधी येऊन राहिलं, हे आपल्यालाही कळत नाही.