फळ्यांच्या अलीकडे

आईबापांनी रिंगणात यायचं नाही, असा त्या घोडेस्वारीच्या वर्गाचा नियम होता. आई दिसली की पोरं घोड्यावर बसल्याबसल्या तिच्याकडेच झेपावतात, असं शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं. म्हणून भिंगरीच्या आईने तबेल्याचं काम मागून घेतलं, तेही फुकट. लीद उचलायची, ओलं गवत काढून कोरडं पसरायचं, पाणी भरायचं. तबेला आणि रिंगण यांच्यामध्ये नुसत्या लाकडी फळ्या होत्या. लेक दिसली नाही तरी कानावर तर येईल.

पण येणार काय? सहा वर्षांची भिंगरी दीड वर्षापूर्वी मोठ्या आजारातून उठली, ती गप्पच. त्याआधी इतकी बडबडी, की बाप म्हणायचा, हिला मध्ये मध्ये श्वास घ्यायला शिकवा कुणीतरी. घोड्याच्या संगतीत अशी पोरं बोलती होतात, असं ऐकून तिला इथे आणलं होतं.

भिंगरी बसायची त्या म्हाताऱ्या घोडीला सगळे मावशी म्हणत. आई तिला सगळ्यात शेवटी खरारा करायची, म्हणजे उरेल तेवढा वेळ तिचा. मानेला गाल टेकून सांगत राहायची, की एकदा नुसतं 'आई' म्हणाली तरी पुरे गं.

"सख्ख्या बहिणी झालात की," घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार हसायचा.

त्या गुरुवारी भिंगरीला घेऊन मावशी फळ्यांपाशी आली आणि थांबली. फटीला नाक लावून फुरफुरली. मोतद्दाराने ओढलं, बाईंनी चुचकारलं, पण ही पाय रोवून उभी. कुणाचा वास घेतेय, ते आईला कळलं. फावडं धरून ती जागच्या जागी थिजली.

"चल ना गं मावशी," भिंगरी म्हणाली.

आवाज घोगरा झाला होता, पण तिचाच. घोडी वळली, टापा लांब गेल्या. आईला आधी रडू आलं, मग घोडीचा हेवा वाटला, मग त्या हेव्याची लाज.

तास संपल्यावर बाई आत आल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण बोलल्या सरळच. घोडी तुमच्यासाठी थांबली. आज निभावलं, उद्या झटक्यात वळली तर पाठीवर पोर आहे. ओढ्यापलीकडचा तबेला सांभाळाल का?

तिथे रिंगणातलं काहीच ऐकू येत नसे.

"ती बोलली तर मला सांगाल?"

"शब्द न् शब्द, ताई."

पुढच्या गुरुवारी लेकीला फाटकाशी सोडून ती ढकलगाडी घेऊन पुलावर गेली. चाकाच्या करकरीत काही ऐकायचं राहतंय असं वाटून तिने गाडी थांबवली, कान दिला. नुसता वारा होता. तिने गाडी पुन्हा ढकलली, जरा सावकाश.