सुनेची उलटसुलट मतं

सासऱ्यांची आणि सुनेची गट्टी जमली ती भांडणातून. लग्नाआधी ती पहिल्यांदा त्या घरी गेली, तेव्हा सगळे तिला शिक्षण, नोकरी, आवडीनिवडी असले ठरलेले प्रश्न विचारत होते. अप्पा तेवढे खिडकीपाशी गप्प बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "सध्या काय वाचतेस?"

तिने एका कादंबरीचं नाव सांगितलं. त्या वर्षी ती कादंबरी घरोघरी होती. वाचनालयात तिच्यासाठी नंबर लावावा लागायचा.

"आवडली?"

"चांगली आहे. शेवटची पन्नास पानं नसती तरी चाललं असतं."

खोलीत सगळे एकदम चहा प्यायला लागले. अप्पा छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि ती पन्नास पानं त्यांनी तीनदा तपासली होती, हे तिला बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. अप्पांनी खुर्ची पुढे ओढली. त्यानंतर पाऊण तास त्या दोघांचं जे काही चाललं, त्यात लग्नाची बोलणी राहिली बाजूला. ती गेल्यावर अप्पा मुलाला म्हणाले, "मुलगी साफ चुकतेय. पण चुकते मुद्देसूद. सोडू नकोस."

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. सासूबाई मधल्या काळात गेल्या. घरात उरली तीन माणसं. अप्पा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा त्यांचा मुलगा, आणि ती. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. अप्पा तिला चष्मेवालीच म्हणायचे. संध्याकाळी ती दारात चपला काढत असतानाच त्यांचं सुरू व्हायचं.

"चष्मेवाली, ज्या सिनेमात हिरो पोटापाण्याला काय करतो ते मध्यंतरापर्यंत कळत नाही, तो सिनेमा सोडून उठून यावं."

"माणूस दिवसभर राबून थेटरात जातो, अप्पा. त्याला तिथेही कामच बघायला लावायचं का?"

"मग त्याने झोपावं. झोप फुकट असते."

तिचा नवरा या वादात कधी पडला नाही. त्याला सिनेमा बघता बघता झोप लागायची आणि कादंबरी हातात धरली की त्याआधीच लागायची. "तुम्ही दोघं मिळून एक सिनेमा काढा," तो म्हणायचा, "म्हणजे मला तो नेमका टाळता येईल."

आणि एके दिवशी सकाळी दाढी करताना अप्पांच्या हातातून वस्तरा गळून पडला. वस्तरा कसा पडला हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द काही आला नाही.

दवाखान्यातून ते अठरा दिवसांनी घरी आले. पाय हळूहळू उचलायला लागला, उजवा हात निदान चमचा धरू लागला. वाचा मात्र गेली ती गेली. त्यांना सगळं समजायचं. वर्तमानपत्र ते डोळ्यांसमोर धरायचे, मथळ्यात चूक दिसली तर कपाळाला आठी पडायची. पण ती चूक कोणती हे त्यांना सांगता यायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द नीट लावून देणारा माणूस, आणि त्याच्या तोंडून 'पाणी'सुद्धा निघेना.

बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. मऊ आवाजाच्या, धीराच्या. त्या चित्रांचे पत्ते टेबलावर मांडायच्या. सफरचंद, खुर्ची, छत्री. "हे काय आहे, अप्पा?" अप्पा एकदा छत्रीकडे बघायचे, एकदा बाईंकडे, आणि मग खिडकीबाहेर. महिना गेला, दीड महिना गेला.

"शब्द कुठे गेलेले नाहीत," बाई सुनेला दारात म्हणाल्या. "आत आहेत. पण त्यांनाच बोलावंसं वाटत नाहीये. आणि ज्याला बोलायचंच नाही त्याला मी काय शिकवणार?"

 त्या दिवसांत घरात कुणीच फारसं बोलत नव्हतं. संध्याकाळी ती यायची, चपला काढायची आणि सवयीने क्षणभर थांबायची. मग स्वयंपाकाला लागायची.

एका रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना हिंदी सिनेमा लागला. अप्पांना तो मुळीच आवडत नसे. त्यात शेवटी हिरोला तीन गोळ्या लागतात आणि त्यानंतर तो साडेचार मिनिटं बोलतो. अप्पांनी एकदा घड्याळ लावून मोजलं होतं. नवरा चॅनल बदलायला उठला.

"राहू दे," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. घरात काहीतरी आवाज असावा, एवढंच तिच्या मनात होतं. "मला तर तो मरताना बोलतो ना, ते अगदी खरं वाटतं."

"खो," मागून आवाज आला.

दोघांनी वळून पाहिलं. अप्पांचा चेहरा लाल झाला होता. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता.

"खो… खोटं."

नवऱ्याच्या हातातला रिमोट तसाच राहिला. ती जागची हलली नाही. हललं की शब्द उडून जाईल असं तिला वाटलं. मग तिने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली, आणि होता होईल तेवढ्या सहजपणे म्हणाली, "खोटं काय त्यात? प्रेम असलं की बळ येतं माणसाला."

"खोटं," अप्पा म्हणाले. या वेळी स्पष्ट.

त्या दिवसापासून तिने काड्या टाकायला सुरुवात केली. दुकानात काच घासताना ती मनातल्या मनात मतं तयार करायची, आणि आवडीनिवडीची जितकी वाट लावता येईल तितकी लावायची. अप्पांना ज्या कादंबऱ्या पाठ होत्या त्यांना ती कंटाळवाण्या म्हणायची. ज्या त्यांनी नाक मुरडत तपासल्या होत्या त्यांची तोंड भरून स्तुती करायची. जुळ्या भावांची अदलाबदल झालेला एक सिनेमा होता. सख्ख्या आईला अठरा वर्षं त्याचा पत्ता लागत नाही, आणि शेजारच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी लागतो. तो सिनेमा किती विचार करायला लावतो आणि त्यातलं कुत्रं आपल्याला किती आवडलं, यावर ती एकदा भाजी चिरता चिरता दहा मिनिटं बोलली. आपल्यालाच आपली लाज वाटेल असं बोलली.

"भिकार," अप्पा म्हणाले.

मग 'पाल्हाळ' आला. मग 'पाणी घातलंय'. मग एके दिवशी सलग तीन शब्द आले, "आई आहे की…" आणि चौथा शब्द येईना म्हणून त्यांनी डोळ्यांवर हात ठेवून आंधळ्याचा अभिनय केला. ती हसू दाबायला मोरीत गेली.

बाईंनी पुढच्या खेपेला एक मोठं चित्र आणलं. स्वयंपाकघर, त्यात भांडी विसळणारी बाई, स्टुलावर चढलेली मुलं. "यात काय काय चाललंय सांगा बघू." अप्पांनी चित्र जवळ घेतलं, लांब धरलं.

"कथा नाही," ते म्हणाले.

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते वहीत तारीख घालून लिहून ठेवलं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिथेच तिचा पाय घसरला. उलट बोलण्याची चटक लागली की माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही. सासूबाईंची एक लाडकी कादंबरी होती. पुठ्ठा निखळला म्हणून त्यांनी तिला जाड कापडाचं कव्हर शिवलं होतं. दरवर्षी एकदा त्या ती काढायच्या, भिंतीकडे तोंड करून बसायच्या, आणि शेवट आला की त्यांचे खांदे गदगदायचे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आई रडतायत, जवळ जायचं नाही. तर त्या संध्याकाळी तिला दुसरं काही सुचलं नाही आणि ती बोलून गेली, "आईंना ती कादंबरी कशी काय आवडायची कोण जाणे. नुसती रडारड. वाचणाऱ्यालाच काही डोकं नसावं."

 अप्पांनी मान फिरवली. नंतर कूस फिरवली.

तिने जीभ चावली, पण बाण सुटला होता. दुसऱ्या दिवशी अप्पांनी चहाला मानेनेच नकार दिला. तिसऱ्या दिवशी बाई आल्या, पत्ते मांडले आणि तासाभराने तसेच गोळा करून गेल्या. नवरा तिला म्हणाला, "अगं, तू काय मुद्दाम बोललीस का?" यावर तिला रडूच आलं, कारण मुद्दामच तर बोलली होती.

चौथ्या दिवशी तिने दुकानात अर्धी रजा टाकली. अप्पांच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून बसली.

"अप्पा, माझं चुकलं. आईंबद्दल बोलायला नको होतं. आणि अजून एक सांगायचंय. एवढे दिवस मी बोलत होते ना, त्यातलं काहीच खरं नव्हतं. तुम्हाला राग यावा म्हणून बोलत होते. राग आला की तुम्ही बोलता."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं.

"माहीत," ते म्हणाले. थोडा वेळ ओठ नुसतेच हलले. "कुत्रं… आवडलं… म्हणालीस. तेव्हा."

"मग थांबवलं का नाही मला?"

"मजा."

एवढं बोलून ते दमले. ती पाणी आणायला उठली, तर त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि कपाटाकडे बोट केलं. कापडाच्या कव्हरातलं ते पुस्तक तिने काढून दिलं. अप्पांनी ते छातीवर ठेवलं आणि एका हाताने पानं उलटायला लागले. तिने मदत करू पाहिली तर हात झटकला.

"ती," ते म्हणाले. "रडायची नाही."

"कोण, आई?"

"हसायची."

त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. शेवटचं प्रकरण. नायक रणांगणावरून घायाळ होऊन परतलाय, बाहेर वादळ, घरात एकच दिवा, आणि नायिका त्याला शेवटचं भेटतेय. तिने बोटापाशी वाचलं. 'काही न बोलता त्याने तिच्या मांडीवर बोके ठेवले आणि समाधानाने डोळे मिटले.'

तिने पुन्हा वाचलं. 'डोके'च्या जागी 'बोके'. छापखान्यात एका अक्षराचा खिळा इकडचा तिकडे लागलेला.

"अप्पा, हे पुस्तक तपासलं कुणी होतं?"

अप्पांनी अपराधी चेहऱ्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

तिला हसू आवरेना. किती बोके, कुठून आणले, घायाळ माणसाला ते पेलले कसे, असं काहीबाही ती विचारत सुटली, आणि अप्पा हसायला लागले. त्यांचा अर्धा चेहरा हसत होता आणि अर्ध्याला अजून जमत नव्हतं, पण खांदे दोन्ही हलत होते. हसता हसता, अडखळत, मध्येच शब्द हरवत, त्यांनी तिला सगळं सांगितलं. लग्न नवं होतं. चूक सापडली ती एकट्या बायकोला. कुणाला सांगणार नाही, असं वचन तिने दिलं होतं आणि शेवटपर्यंत पाळलं. लोकांपुढे रडते असं दाखवलं, पण नवऱ्याची नाचक्की होऊ दिली नाही.

हे सांगायला त्यांना जवळजवळ तास लागला. ती मध्ये एकदाही शब्द पुरवायला गेली नाही. ते थांबले की तीही थांबायची.

"आता," ते शेवटी म्हणाले, "तू पण. सांगू… नको."

"नाही सांगणार."

आणि तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. आई त्या पुस्तकावर रडायच्या, असंच तो अजून समजतो.

त्यानंतर तिने खोटी मतं देणं बंद केलं. गंमत म्हणजे खऱ्या मतांवरही अप्पांना तेवढाच राग यायचा. पुढच्या पाच-सहा महिन्यांत त्यांची वाक्यं लांबली. क्रियापद अजून वाटेत हरवायचं, पण विशेषणं सगळी परत आली होती.

काठी घेऊन जिना उतरता यायला लागल्यावर ती त्यांना सिनेमाला घेऊन गेली. नवा हिंदी सिनेमा, अडीच तासांचा. टपाल वाटणाऱ्या एका आईची आणि तिच्या मुलीची गोष्ट होती. मध्यंतरात अप्पा काहीच म्हणाले नाहीत. शेवटाकडे ती रुमाल काढून बसली, आणि अप्पा पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होते.

"रडलीस?" टॅक्सीत बसल्यावर त्यांनी विचारलं.

"थोडी. मुलगी परत येते ना, तिथे."

"ती जागा… कच्ची. आईचं काम… चांगलं. मुलगी… सोपी लिहिली."

"सोपी? अप्पा, ती अर्ध्या वाटेवरून मागे फिरते, त्याला सोपं म्हणता तुम्ही?"

"फिरते… का? कारण? कारण कुठे आहे?"

"सगळ्यालाच कारण लागतं का?"

"छापायचं असेल तर… लागतं."

टॅक्सीवाल्याने आरशातून दोघांकडे पाहिलं. सिग्नल लागला होता. त्यालाही थोडी सवड होती.

"मी पण बघितलाय तो," तो म्हणाला. "खरं सांगू का? काही दम नाही त्यात. मी तर मध्येच उठून आलो."

 सुनेने अप्पांकडे पाहिलं, अप्पांनी काठी सरळ केली.

"दादा," ती पुढे वाकून म्हणाली, "तुम्ही नेमके कुठे उठलात ते आधी सांगा."

"आणि गाडी," अप्पा म्हणाले, "सावकाश… चालव. वेळ आहे… आम्हाला."